पाटी तीच, पॅन वेगळा

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या पेठेतून नुसत्या पाट्या वाचत चाला. 'अमुक आणि कंपनी', 'तमुक ब्रदर्स', 'अँड सन्स'. यातल्या कितीतरी 'कंपन्या' कायद्यानं कंपन्या नाहीतच. कुठं एकटा मालक, कुठं भागीदारी. गिऱ्हाईकाला त्याचं काही नाही. आयकर खात्याला मात्र आहे, आणि ते आजचं नाही.

कंपनी काय चीज असते हे बघायला लांब जायला नको. आपलं वालचंदनगर घ्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेची कामं घेतली. पुढं त्या धंद्याची कंपनी झाली आणि 1920 मध्ये ती टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये मिसळली. कळंबची शेती हाती आली ती मार्सलँड प्राइस या दुसऱ्याच कंपनीबरोबर. तीच आजची वालचंदनगर इंडस्ट्रीज. कारखाना 1930 नंतरचा, पण नोंदीत कंपनीचं जन्मसाल 1908! साहेब गेले, शेठ आले, नाव बदललं. कायद्याच्या लेखी 'व्यक्ती' तीच राहिली.

भागीदारीचं तसं नाही. 1932 च्या कायद्यानुसार करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर एक भागीदार वारला की पेढी मोडली. त्याआधीच 1922 च्या आयकर कायद्यानं पेढीची नोंदणी आयकर अधिकाऱ्याकडं करायला लावली होती. नोंदणी असेल तर नफा वाटून ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरायचा, नसेल तर सगळ्या पेढीवर एकगठ्ठा कर. पुढं 1956 पासून नोंदलेल्या पेढीवरही कर आला आणि भागीदारांवरचा होताच. हा दुहेरी मार 1992 च्या फायनान्स कायद्यानं थांबवला. पेढीनं एकदा भरायचं, भागीदाराच्या हिश्श्यावर परत नाही.

आता पोरगं शिकून येतं आणि म्हणतं, "दादा, प्रायव्हेट लिमिटेड करून टाकू." करा की! पण दुकान एक असलं तरी त्या वर्षाचा हिशोब दोन जणांचा होतो. बदलाच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न दादांच्या रिटर्नमध्ये, पुढचं कंपनीच्या. सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीकडं गेली, दादांना मोबदला फक्त शेअर्समध्ये मिळाला आणि निम्मे तरी मताधिकार पाच वर्षं त्यांच्याकडं राहिले, तर या बदलावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. कंपनी झाल्यावर दोन वर्षांत शेअर्स सगळे पोराच्या नावावर केले, की ही सूट गेली.

जीएसटीच्या पंधरा अक्षरी नंबरच्या पोटातच पॅन असतो. पॅन बदलला की नंबर बदलणारच. आधी नवा नंबर घ्या, आयटीसी-02 फॉर्म भरून शिल्लक क्रेडिट तिकडं न्या, मगच जुना बंद करा. पुष्कळजण उलटं करतात आणि गोदामातल्या मालावर भरलेला कर अडकवून बसतात. जुना नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्नही भरायचं असतं.

वडील वारल्यावर वर्षवर्षभर त्यांच्याच नंबरवर बिलं फाडणारी दुकानं मी पाहिलीत. बँकेत, तलाठ्याकडं धावपळ होते, इथलं राहून जातं. मृत्यूच्या दिवसापर्यंतचं वडिलांचं रिटर्न वारसानं पोर्टलवर वारस म्हणून नोंद करून भरायचं असतं. दुसऱ्या दिवसापासूनची विक्री मुलाची, त्याच्या पॅनवर.