रेवाचिनी : सेनापतीचें बिरुद मिळालेली मुळी

काष्ठौषधींच्या दुकानांत 'रेवाचिनी' म्हणून जी पिवळट मुळी मिळते, तिच्या नांवांतच तिचें कुळ सांगितलेलें आहे. 'रेवंद-चिनी' या फारशी शब्दांवरून हें नांव आपल्याकडे आलें. त्याचा अर्थ चीन देशची रेवंद. पुढें हिमालयांतील तिच्या भावंडांनाही तेंच नांव मिळालें. प्रत्यक्ष चीनमध्यें तिला 'दा-हुआंग', म्हणजे 'मोठी पिवळी', म्हणतात. परंतु तेथील वैद्यांनीं तिला आणखी एक नांव दिलें, तें 'सेनापति'. एका रेचक मुळीला हें बिरुद कां मिळालें, आणि पुढें खऱ्याखुऱ्या युद्धाच्या प्रसंगीं राज्यकर्त्यांनीं तिच्यावर भलताच भरंवसा कसा टाकला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

कान्सू, चिंगहाय व सेचुआन या प्रांतांतील थंड व डोंगराळ मुलुख हें या वनस्पतीचें माहेर होय. तीन वर्षांहून अधिक वाढलेली मुळी शरदांत पानें वाळल्यावर, किंवा वसंतांत कोंब फुटण्यापूर्वीं, खणून काढतात. मग साल तासून, तुकडे करून व दोऱ्यांत ओवून ती वाळवितात. चांगल्या मालाच्या कापावर तांबड्या व पांढऱ्या रेषांची किनखापासारखी नक्षी दिसते. तुकडा चावून पाहिला तर दांतांखालीं वाळूसारखी कचकच लागते व लाळ पिवळी होते. जुने व्यापारी याच खुणांवरून माल पारखीत.

चिनी वैद्यकाचा आद्य निघंटु शेन-नुंग या पौराणिक राजाच्या नांवावर आहे. तो हान राजवंशाच्या काळांत सिद्ध झाला असें मानतात. त्यांत ३६५ औषधांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. दीर्घायुष्यासाठीं नित्य घेण्याजोगीं तीं वरच्या श्रेणींत, आणि केवळ रोग हटविण्यापुरतीं, बेतानें द्यावयाचीं तीं खालच्या श्रेणींत. रेवाचिनीचें स्थान या खालच्या श्रेणींत आहे. म्हणजे तिचें सामर्थ्य व तिचा धोका, या दोन्ही गोष्टी आरंभापासूनच मान्य होत्या.

इ. स. २०० च्या सुमारास चांग चुंग-चिंग या थोर वैद्यानें ज्वरावर ग्रंथ लिहिला. ज्वर भरला आहे, पोट दगडासारखें झालें आहे, मलावरोध होऊन रोगी बरळूं लागला आहे, अशा अवस्थेसाठीं त्यानें एक प्रसिद्ध काढा सांगितला. त्यांत एका झाडाची साल व कोवळीं कडू नारिंगें आधीं उकळावयाचीं. तें पाणी गाळून मग त्यांत रेवाचिनी घालावयाची. आणि अखेरीस एक सारक क्षार विरघळवावयाचा. पोट साफ होतांच उरलेला काढा देऊं नये, अशीही स्पष्ट सूचना आहे. कारण काम झाल्यावर सेनापतीनें गांवांत तळ ठोकून राहणें इष्ट नसतें!

या मुळीचे उपयोग रेचकापुरतेच नव्हते. कावीळ, स्त्रियांचा आर्तवरोध, मार लागून सांकळलेलें रक्त यांवर ती देत. भाजल्यावर तिचें चूर्ण तेलांत कालवून लावीत. मद्यांत भिजवून परतली कीं ती सौम्य होते व जाळून कोळसा केला कीं रक्तस्राव थांबविते, हा अनुभवही त्यांनीं नोंदून ठेविला. सोळाव्या-सतराव्या शतकांत होऊन गेलेला वैद्य चांग चिये-पिन यानें चार औषधांना वैद्यकाचे आधारस्तंभ म्हटलें. त्यांतील जिनसेंग व रेह्मानिया या मुळ्यांना त्यानें शांततेच्या काळांतील मंत्र्यांची उपमा दिली, तर बचनाग जातीची मुळी व रेवाचिनी यांना अंदाधुंदीच्या काळांतील सेनापतींची.

सेनापतीला केव्हां धाडावें व केव्हां आवरावें, याचा दाखला सहाव्या शतकांतील राजवैद्य याओ सेंग-युआन याच्या चरित्रांत मिळतो. लिआंग वंशाचा संस्थापक सम्राट वू यास ज्वर आला व त्यानें रेवाचिनी घेण्याचें मनांत आणलें. औषध तीव्र आहे आणि महाराजांचें वय झालें आहे, तेव्हां तें घेऊं नये, असें याओनें विनविलें. सम्राटानें ऐकलें नाहीं, आणि त्याची प्रकृति चिंताजनक झाली. पुढें त्याचा पुत्र सम्राट युआन पोटाच्या विकारानें पडला. बापाची हकीकत आठवून म्हणा, इतर वैद्यांनीं सौम्य औषधें सुचविलीं. पण याओनें नाडी पाहिली. ती भरलेली व जोरकस होती. त्यानें रेवाचिनीच द्यावयास सांगितली, आणि रोगी बरा झाला. वैद्य एकच, मुळी एकच. पित्यास वर्ज्य ती पुत्रास पथ्य ठरली.

इ. स. १२२६ च्या हिंवाळ्यांत मोंगलांनीं लिंगवू शहर घेतलें, तेव्हांची गोष्टही अशीच. इतर सरदार लुटीच्या मागें लागले असतां येल्यू चू-त्साइ या मुत्सद्द्यानें फक्त ग्रंथ व रेवाचिनी गोळा केली. लवकरच सैन्यांत सांथ उद्भवली, आणि याच मुळीनें शिपाई बरे झाले, असें युआन वंशाचा राजेतिहास सांगतो.

तोंपर्यंत मुळीची कीर्ति पश्चिमेस पोहोंचली होती. मार्को पोलोनें तंगुत देशाच्या डोंगरांतील रेवाचिनीचा उल्लेख केला आहे. अठराव्या शतकांत रशियाच्या सरहद्दीवरील क्याख्ता येथें सरकारी अधिकारी मालाचा तुकडा न् तुकडा पारखून घेत. परकीयांची ही आतुरता पाहून चिनी दरबारांत एक समजूत दृढ झाली: हे लोक रेवाचिनी व चहा यांवांचून जगूंच शकत नाहींत, या वस्तु बंद केल्या कीं मलावरोधानें त्यांचे प्राण कासावीस होतील. इ. स. १७८९ मध्यें रशियाशीं बेबनाव असतां तिच्या निर्यातीवर बंदीही घालण्यांत आली.

इ. स. १८३९ मध्यें लिन त्से-शू हा सचोटीचा अधिकारी अफूचा व्यापार मोडण्यासाठीं कँटनला आला. बंगालची अफू कलकत्त्याहून व माळव्याची बहुतांशीं मुंबई बंदरांतून तिकडे जात असे. लिननें वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. राणी व्हिक्टोरिया हिला उद्देशून लिहिलेल्या पत्रांत त्यानें बजावलें कीं, चहा व रेवाचिनी यांवांचून परदेशीयांचें एक दिवसही चालत नाहीं. तरीही चीन त्या वस्तु देतो आणि बदल्यांत त्यास विष मिळतें. तक्रार न्याय्य होती. हत्यार मात्र पोकळ होतें. युरोपांत सोनामुखी व एरंडेल होतेंच. शिवाय इ. स. १७६३ च्या सुमारास रशियांतून आणलेलें रेवाचिनीचें बीं एडिंबरो येथें रुजलेंही होतें. अफूचें युद्ध झालें, आणि इ. स. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें हाँगकाँग गेलें व पांच बंदरें परकीयांस खुलीं झालीं.

आधुनिक रसायनशास्त्रानें वैद्यांच्या बाजूनें कौल दिला आहे. सोनामुखींतील सेनोसाइड हीं द्रव्यें या मुळींतही असतात. मोठ्या आंतड्यांतील जंतूंच्या क्रियेनें तीं जागृत होतात. म्हणून रेच होण्यास कांहीं तास लागतात. फार वेळ उकळल्यास तीं नाश पावतात. म्हणून मुळी मागाहून घालण्याची ती जुनी रीति. तिच्यांतील तुरट द्रव्यामुळें रेचानंतर पोट पुन्हां बांधलें जातें. म्हणून रोज घेणें वाईट. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व अशक्त माणसें यांनीं ती टाळावी, हाच आजचाही सल्ला आहे.

चीनच्या अधिकृत औषधिकोशांत रेवाचिनी आजही आहे. तेथील वैद्य ती देण्यापूर्वीं नाडी पाहत, वय विचारीत, बल अजमावीत. दरबारानें मात्र समोरच्या परकीयांची नाडी कधीं पाहिलीच नव्हती.