दिवसाचा दिवा

दिवाळीत दिवा लावायचा तो तिन्हीसांजेला. आम्हां मुलांपैकी कोणी हौसेने भरदुपारीच पणती पेटविली, तर आजी ती फुंकून टाकी आणि म्हणे, "दिवसा दिवा दिवाळखोराच्या घरी!" बोदवडच्या पेठेत लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांपुढे समया तेवत, तेथे कोणी काही म्हणत नसे. मग आमच्या पणतीवरच एवढा रोष का?

देणी भागेनाशी झाली, की सावकाराने भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, अशी पेढीवाल्यांची जुनी चाल सांगतात. 'दिवाळे' हा शब्दही त्याच दिव्याशी जोडतात. त्या दिव्यात लाज होती, तशी सोयही होती. देणेकऱ्यांना एकदाच काय ते कळे आणि माणूस मोकळा होई.

शेतकऱ्याला मात्र ही सोय नव्हती. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. खानदेशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचे मोल आले. 1865 मध्ये युद्ध संपले नि भाव कोसळले. मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारखा कुबेरही बुडाला. खेड्यात भाव गेला, पण कर्जरोखा राहिला. हुकूमनामा झाला की जप्ती, नाही तर दिवाणी तुरुंग!

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची दप्तरे हिसकावून जाळली. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. चौकशी झाली आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहार मुळापासून तपासायचा, फेड हप्त्यांनी करू द्यायची, पैशाच्या कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही, असे त्याचे मर्म होते. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली काही वर्षे न्यायाधीशाचे काम पाहिले. पन्नास रुपयांहून अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्जही करता येई. मग कलेक्टरने त्याची जमीन जास्तीत जास्त सात वर्षे आपल्या ताब्यात घ्यावी, उत्पन्नातून देणी भागवावी आणि जमीन परत करावी. माणूस न मोडता कर्ज मोडण्याची ही तरतूद! पण तिचा लाभ फार थोड्यांनी घेतला. शिवाय कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर एवढ्यांपुरताच होता. आमचा खानदेश त्याच्या बाहेर राहिला.

आमच्या घरी ही सोय पोचली ती 1947 च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्याने. तेव्हा आमचा जिल्हा पूर्व खानदेश म्हणून ओळखला जाई. आजोबांनी कोर्टात अर्ज केला. कोर्टाने हिशेब पुन्हा मांडला, व्याज छाटले आणि उरलेल्या रकमेचे वार्षिक हप्ते बांधून दिले. कापूस विकला की आजोबा आधी हप्ता भरत, मग घरात नवे कापड येई. शेवटचा हप्ता फिटला तेव्हा शेत आमचेच होते. एवढे असूनही आजीने ही गोष्ट शेजारच्या घरीसुद्धा कळू दिली नाही. आमची पणती ती का फुंकी, हे वडिलांनी मला फार उशिरा सांगितले.

आता 2016 च्या दिवाळखोरी संहितेने बुडत्या कंपनीला मोडीत काढण्याआधी तिची घडी पुन्हा बसते का, हे पाहण्याची सोय केली आहे. मोठमोठ्या कारखान्यांच्या नावाने असे अर्ज होतात, वर्तमानपत्रांत छापूनही येतात. त्याला कोणी पाप म्हणत नाही. मग शेत राखण्यासाठी हप्ते बांधून घेतलेल्या कुणब्यानेच तेवढी मान खाली का घालावी?

यंदा लक्ष्मीपूजनाला मी एक पणती दुपारीच लावणार आहे. आजी असती तर रागावली असती. पण आजोबांनी ती फुंकू दिली नसती, असे मला वाटते.