ड्रमर नसलेला बँड

पंक म्हटलं की आपल्याला लंडनच आठवतं. पण १९७६ साली पॅरिसमध्ये मेताल उर्बें नावाचा बँड जमला आणि या पठ्ठ्यांनी ड्रमरच घेतला नाही! तालाला ड्रम मशीन, बेसच्या जागी सिंथेसायझर, वर करवतीसारख्या गिटार. १९७७चं 'पानिक' ऐका. मशीन ना दमतं ना थांबतं, अगदी इनफायनाइट लूप. धाप लागते ती गाणाऱ्याला. घरी त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. लंडनच्या रफ ट्रेडने मात्र १९७८मध्ये आपली पहिलीच रेकॉर्ड त्यांची काढली. पुढे बँड फुटला. एरिक देब्रीने 'डॉक्टर मिक्स अँड द रिमिक्स' या नावाखाली स्टूजेस, व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या गाण्यांचा गोंगाटात पार भुगा केला. ऐंशीच्या दशकात शिकागोच्या बिग ब्लॅकनेही ड्रम मशीनच ठेवलं, आणि नाव झालं ते त्यांचं. असो. मला पॅरिसवाल्यांचा कच्चेपणाच जास्त आवडतो.