ॲक्युपंक्चरचा इलाज घेण्याआधी

कुरवंड्यात, लोणावळ्यात पावसाळा लागला की घरोघरी गुडघे बोलू लागतात. दादी-नानींचे गुडघे, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बहिणींची मान, ड्रायव्हर भाईंची कंबर. गोळ्या खाऊन पोट बिघडले की कोणीतरी सांगते, "सुयांचा इलाज करून बघा." आमच्याकडे पालक येतात तेव्हा याबद्दल विचारतात, कारण आम्ही शिकवणारे, म्हणजे आम्हाला सगळे ठाऊक असणार! आम्ही डॉक्टर नाही. पण वाचून, विचारून जी खात्रीची माहिती हाती आली ती इथे एकत्र देत आहोत.

ॲक्युपंक्चर ही चीनमधली दोन हजार वर्षांहून जुनी उपचारपद्धती आहे. शरीरावरच्या ठरावीक जागी केसासारख्या बारीक सुया टोचायच्या आणि काही वेळ तशाच ठेवायच्या, इतकेच. सुईत दवा नसते, ती आतून पोकळही नसते. जुन्या चिनी समजुतीप्रमाणे शरीरातून 'ची' नावाची ऊर्जा वाहते आणि तिची वाट अडली की आजार होतो. आजचे डॉक्टर 'ची'बद्दल बोलत नाहीत. सुईमुळे मज्जातंतू चेततात आणि मेंदूत वेदना कमी करणारी द्रव्ये सुटतात, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असे ३६१ मुख्य बिंदू आहेत.

आपल्या लोकांत तीन गोष्टींची सरमिसळ होते. हिजामात, म्हणजे जुन्या मराठीत तुंबडी लावणे, कातडीला बारीक चिरा देऊन कपाने रक्त ओढतात. ॲक्युप्रेशरमध्ये फक्त बोटाने दाबतात, सुई नसते. ॲक्युपंक्चरमध्ये सुई असते, पण रक्त काढायचे नसते. म्हणून एखादे साहेब हिजामा उत्तम करतात, यावरून त्यांना सुयाही येतात असे समजू नये. ते शिक्षण वेगळे आहे.

हिंदुस्थानात ही विद्या आली त्यात आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच हिंदी डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. आमच्या वडीलधाऱ्यांना तो अजून आठवतो. कोटणीस स्वतः सुयांचे डॉक्टर नव्हते, ते शस्त्रक्रिया करत. पण त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. लुधियानात कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालय आहे, ते या नात्यामुळेच.

आता मुद्द्याचा सवाल : फायदा होतो का? सगळ्यात जास्त पुरावा जुनाट दुखण्यांचा आहे : कंबर, मान, गुडघ्याची झीज, वारंवार होणारी डोकेदुखी आणि अर्धशिशी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी वारंवार होऊ नये म्हणून ॲक्युपंक्चरचा पर्याय सुचवला. त्याच संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी मात्र ते देऊ नये असे सांगितले. कारण असे की, जर्मनीत मोठ्या चाचण्यांत काही रुग्णांना खऱ्या बिंदूंवर आणि काहींना मुद्दाम चुकीच्या जागी सुया टोचल्या. कंबरदुखीत दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला, आणि तो नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त होता! म्हणजे आराम खरा आहे, पण त्यात बिंदूचा वाटा किती आणि विश्वासाचा, विश्रांतीचा किती, यावर जाणकारांत मतभेद आहेत. आमच्या मते दुखणे कमी करणारी जोडीची मदत म्हणून ॲक्युपंक्चर घ्यायला हरकत नाही. मधुमेह, टीबी, कॅन्सर, हृदयविकार यांचा इलाज म्हणून कोणी ते विकत असेल तर तिथून उठून यावे. इन्सुलिन किंवा बीपीची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करायची नाही.

इथे थोडे थांबतो, कारण नुकसान इथेच होते. कंबर दुखते आणि सोबत संध्याकाळी ताप येतो, वजन घटते, रात्री घाम येतो, तर तो मणक्याचा टीबी असू शकतो. पायात बळ राहत नाही, लघवीवर ताबा राहत नाही, तर नस दबलेली असू शकते. अशा वेळी सुयांत महिना घालवला तर माणूस कायमचा अधू होतो. आधी डॉक्टर, एक्स-रे, तपासणी, मग बाकीचे. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

कोणाकडे जावे? पश्चिम बंगालने १९९६ मध्ये आणि त्यानंतर महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा केला. आपल्या कायद्याच्या नावात २०१५ हे साल आहे. त्यानुसार राज्यात ॲक्युपंक्चर परिषद आहे आणि उपचार करणाऱ्याची तिथे नोंदणी होते. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा भिंतीवरच्या रंगीत सर्टिफिकेटकडे बघून खूश होऊ नका, नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात बेअदबी नाही. कुरवंड्याहून लोणावळा, तिथून लोकलने पुणे, म्हणजे जाण्यायेण्यात दिवस जातो. म्हणून किती बैठका लागतील आणि एका बैठकीचे किती पैसे, हे फोनवरच विचारून घ्यावे. साधारण सहा ते बारा बैठका सांगतात. पाच-सहा बैठकांनंतरही काहीच फरक नसेल तर पुढचे पैसे वाचवावेत.

बैठकीत आधी दुखण्याची सगळी हकीकत विचारतात. काही जण जीभ आणि नाडीही बघतात. मग सुया. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, नंतर त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. वीस-तीस मिनिटे पडून राहायचे. सुया निर्जंतुक, सीलबंद पाकिटातल्या आणि एकदाच वापरायच्या हव्यात. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. वापरलेल्या सुईतून कावीळ ब पसरल्याची उदाहरणे जगात घडली आहेत. त्यानंतर थोडे रक्त येणे, निळा डाग पडणे, चक्कर येणे हे होऊ शकते. छातीवर सुई खोल गेल्याने फुप्फुसाला इजा होणे फार क्वचित घडते, पण घडते. टोचल्यावर दम लागला तर लगेच रुग्णालय गाठावे.

गरोदर बहिणींनी आधीच सांगावे, काही बिंदू गरोदरपणात टाळतात. रक्त पातळ करणारी गोळी, हृदयातला पेसमेकर, फिट्स, हेही सांगावे, कारण काही ठिकाणी सुयांना वीज जोडतात. 'मोक्सा' नावाची वनस्पती जाळून शेकही देतात, दमेकऱ्यांना तो धूर सोसत नाही.

पडद्याचा सवाल असतो. बरेच बिंदू कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली असतात, त्यामुळे बाही आणि सलवार वर सरकवली तरी बहुतेक काम होते. कंबरेसाठी बाई डॉक्टर मागता येतात, आणि सोबत घरचे कोणी बसू द्या असेही म्हणता येते. रमजानमध्ये मात्र उपाशीपोटी सुया घेतल्या तर चक्कर यायची शक्यता वाढते, म्हणून वेळ इफ्तारनंतरची मागावी. रोज्यात सुई चालते का, हा मसला आपल्या मसजिदीच्या मौलानांना विचारावा, आणि विचारताना सुईतून काहीही शरीरात सोडले जात नाही, हे त्यांना सांगावे.