ऐंशी घरांचा वारसा

इतिहास म्हटला की तह, लढाया आणि तख्ते आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु हिशेबाच्या एका नोंदीला किती जागा द्यावयाची, असल्या रूक्ष प्रश्नालाही इतिहास असतो. आणि तो पुष्कळदा राज्यांपेक्षा अधिक टिकतो, असे माझे मत झाले आहे.

१८९० सालच्या अमेरिकेतील खानेसुमारीत हर्मन होलेरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेल्या कार्डांवरून माणसे मोजली. १९२८ साली आयबीएम कंपनीने अशा कार्डावर ऐंशी उभी घरे बसविली. एका घरात एक अक्षर. नाव, पगार, जन्मतारीख, जे सांगावयाचे ते तेवढ्यात आटोपावयाचे.

एप्रिल १९६४ मध्ये त्याच कंपनीने ‘सिस्टीम/३६०’ हे मोठे संगणक जाहीर केले. त्यांच्या कार्यप्रणालीने नोंदींचे तीन प्रकार मानले. पहिला ‘एफ’: साऱ्या नोंदी एकाच लांबीच्या. मजकूर आखूड असला तर उरलेली घरे कोरी, लांब असला तर शेपूट कापावयाचे. दुसरा ‘व्ही’: नोंदी लहानमोठ्या चालतील, मात्र प्रत्येकीच्या आरंभी चार बाइट, म्हणजे चार अक्षरांची जागा, राखून ठेवावयाची आणि तिच्या पहिल्या दोहोंत, त्या चारांसकट, एकूण लांबी लिहावयाची. तिसरा ‘यू’: लांबीची काहीच ग्वाही नाही, अर्थ ज्याच्या त्याच्या प्रोग्रॅमने लावावा.

एवढी मोजदाद कशासाठी, असे वाचक विचारतील. इंचात आठशे अक्षरे मावणाऱ्या चुंबकीय फितीवर ऐंशी अक्षरांची नोंद एक दशांश इंच व्यापी. पण यंत्राला थांबण्या-निघण्यासाठी तिच्यापुढे सहा दशांश इंच फीत कोरी सोडावी लागे. म्हणजे सातांतले सहा हिस्से वायाच! शंभर नोंदींचा एक गठ्ठा बांधला की दहा इंच मजकुरामागे कोरी फीत तेवढीच सहा दशांश. अशा गठ्ठ्यांतल्या नोंदींना ‘एफबी’ आणि ‘व्हीबी’ ही नावे मिळाली.

या काटकसरीला मी नावे ठेवीत नाही. त्या काळी ती गरजच होती. परंतु वाचविलेल्या घरांत सालाचे पहिले दोन आकडेही होते. १९६५ ऐवजी नुसते ६५. मग २००० साल जवळ येताच, ०० म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळेना. जगभर जुने प्रोग्रॅम उकलून दुरुस्त करावे लागले. त्या कामाला मुंबई-पुण्याची पुष्कळ तरुण मंडळीही लागली होती.

कार्डे गेली. तरी त्या संगणकांच्या आजच्या वंशजांना काम नेमून देणाऱ्या आज्ञा अजून ऐंशी अक्षरांच्या ओळींतच लिहितात. वही आखणारा दोन घरे वाचवितो, आणि त्याचे देणे त्याने न पाहिलेल्या पिढीला फेडावे लागते. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडताना एवढे ध्यानी असले तरी पुरे.