नॉरम किल्ल्याचें शिसपेनीचें रेखाटन

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवर, ट्वीड नदीच्या उंच कांठीं, नॉरमचा किल्ला आहे. डरॅमचा बिशप रॅनल्फ फ्लॅम्बार्ड यानें तो इ. स. ११२१ मध्यें बांधविला. १५१३ त स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स यानें तोफा लावून तो घेतला, व थोड्याच दिवसांत फ्लॉडनच्या रणांत स्वतः पडला. पुढें १६०३ त दोन्ही मुकुट एकाच शिरावर आले आणि सरहद्दीच्या या ठाण्याचें महत्त्व सरलें.

१७९७ सालीं, वयाच्या २२ व्या वर्षीं, चित्रकार टर्नर इंग्लंडच्या उत्तर भागांत फिरला. त्या प्रवासांतील वहींत त्यानें या पडक्या किल्ल्याची आकृति शिसपेनीनें टिपून घेतली. त्या एका टिपणावर त्याचें जन्मभर भागलें म्हणावें लागतें. १७९८ त जलरंगाचें चित्र रॉयल अकॅडमींत मांडलें गेलें. मग 'लिबर स्टुडिओरम' मालेंतील ठसा निघाला. आणि सुमारें १८४५ त सूर्योदयाचें तैलचित्र झालें. १८३१ त प्रकाशक कॅडेल याच्यासह नॉरमवरून जातांना टर्नरनें किल्ल्यास टोपी काढून वंदन केलें, कारण त्याच्याच चित्रानें आपणांस हातभर काम मिळवून दिलें असें तो मानी.

परंतु तैलचित्रांतील बुरूज म्हणजे धुक्यांतली निळी छाया. तीवरून किल्ल्याची बांधणी ठरवूं जाणारा फसेल. दप्तराच्या भाषेंत सांगावयाचें तर शिसपेनीचें पान हा जागेवरचा कच्चा खर्डा, व तैलचित्र ही ४८ वर्षांनीं लिहिलेली बखर. बखर गोड असते, हें आम्ही नाकारीत नाहीं.

टर्नर १८५१ त वारला. १८५६ त त्याचा संग्रह राष्ट्राकडे आला. त्यांत सुमारें ३०० वह्या होत्या. रस्किननें १८५७-५८ त तो मोठ्या कष्टानें लावला. मात्र प्रदर्शनासाठीं कांहीं वह्यांचीं पानें सुटीं केलीं. पोथी उसवल्यावर काय होतें तें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. कोरी तारीख नसलेलें पान मागच्यापुढच्या पानांच्या साक्षीनेंच बोलतें. हें गांव आधीं, तो पूल नंतर, असा प्रवासाचा मार्ग त्या शिवणींतच असतो. रस्किनचा रसिकपणा येथें संशोधनास नडला, असें आमचें स्पष्ट मत आहे. फिनबर्गनें १९०९ त दोन खंडांची यादी छापली, तींत वह्या कालानुक्रमानें लावून सुटीं पानें शक्य तेथें मूळ वहीखालीं नोंदलीं. नॉरमचें पान त्या यादींत १७९७ च्या वहीखालींच आहे.