आकडा फाईलमध्ये नसतोच! : आपोआप पडणाऱ्या क्रमांकांचा छोटासा इतिहास

प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या फाईलींत लिहून शेवटी एकत्र जोडली, की एक गोष्ट हमखास होते. ३.४ नंतर ३.५ यायच्या जागी पुन्हा १ येतो, किंवा चौथ्या प्रकरणातली यादी तिसऱ्या प्रकरणातल्या यादीचेच क्रमांक पुढे चालवते. मग 'मुद्दा ३.५ पाहा' हे वाक्य परीक्षकांना भलत्याच पानावर नेतं. सबमिशन दोन दिवसांवर आलेलं असतं, त्यामुळे आपण 'वर्ड बिघडलंय' म्हणतो आणि आकडे हाताने टाइप करायला बसतो. तसं करण्याआधी हा घोळ आला कुठून, ते बघा. उपाय त्या इतिहासातच आहे.

सुरुवात १९६८ पासून करू. त्या वर्षी ९ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी आपली 'एनएलएस' ही प्रणाली सुमारे दीड तास दाखवली. ते प्रात्यक्षिक गाजलं माऊसमुळे. आपल्या कामाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. एंगेलबार्ट यांनी पडद्यावर बाजारातून आणायच्या वस्तूंची साधी यादी केली होती. या प्रणालीत प्रत्येक ओळीला तिच्या जागेवरून क्रमांक मिळायचा आणि ओळ हलवली की क्रमांकही बदलायचा. म्हणजे क्रमांक हा लिहिलेला मजकूर नव्हता, ते जागेचं नाव होतं.

पुढे या कल्पनेला दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट कार्नेगी मेलन विद्यापीठातली. ब्रायन रीड यांनी 'स्क्राइब' ही प्रणाली बनवली. १९८० सालचा त्यांचा पीएचडीचा प्रबंध तिच्यावरच आहे. (हो, प्रबंधाचं दुखणं प्रबंधातूनच सुटायला लागलं!) यात लेखक फक्त सांगायचा, 'इथे यादी सुरू, इथे संपली.' यादी म्हणजे एक डबा आणि मुद्दे त्याच्या आत. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या 'लेटेक'ने हीच पद्धत घेतली. वेबपानांची एचटीएमएलही यादीला डबाच मानते.

दुसरी वाट झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रातली. तिथे १९७४ मध्ये बटलर लॅम्प्सन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' हा संपादक तयार केला. पडद्यावर दिसतं तसंच कागदावर उमटायचं. यात रूप-रचना परिच्छेदाला चिकटलेली असायची. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये 'वर्ड' बाजारात आलं. त्यातही परिच्छेद हेच मूळ एकक राहिलं.

याचा पुरावा तुम्ही स्वतः तपासू शकता. एखाद्या डॉकएक्स फाईलची प्रत काढा, नावाच्या शेवटी 'झिप' करा आणि उघडा. आतल्या 'डॉक्युमेंट' नावाच्या फाईलमध्ये आपोआप पडलेले १, २, ३ शोधून सापडणार नाहीत. प्रत्येक परिच्छेदावर फक्त एवढीच चिठ्ठी असते : मी अमुक यादीचा, अमुक पातळीवरचा. आकडे कसे दिसावेत याचे नियम 'नंबरिंग' नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असतात आणि प्रत्यक्ष आकडा वर्ड दर वेळी नव्याने मोजतं.

आता गोंधळ कळला ना? दुसऱ्या फाईलमधून परिच्छेद पेस्ट केला की तो आपली जुनी चिठ्ठी घेऊन येतो. दिसायला तो शेजाऱ्यासारखाच, पण यादी परकी. म्हणून मोजणी तुटते.

यावरून निघणारे उपाय असे :

१. प्रकरण आणि उपप्रकरणांसाठी 'हेडिंग १', 'हेडिंग २' या स्टाइल वापरा आणि त्या सगळ्या एकाच मल्टिलेव्हल लिस्टला जोडा. हे पहिल्या प्रकरणाआधीच करा आणि प्रत्येक प्रकरण त्याच टेम्प्लेटमध्ये लिहा.

२. बाहेरचा मजकूर 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडून पेस्ट करा. चिठ्ठी गळून पडते. मग आपली स्टाइल द्या.

३. 'मुद्दा ३.५ पाहा' मधला आकडा टाइप करू नका, क्रॉस-रेफरन्सने घाला. शेवटी सगळं सिलेक्ट करून एफ ९ दाबा, संदर्भ ताजे होतात.

४. मोजणी तरीही तुटली, तर त्या आकड्यावर राइट-क्लिक करून 'कंटिन्यू नंबरिंग' किंवा 'रीस्टार्ट ॲट १' निवडा.

हाताने आकडे टाकले की त्या दिवसापुरतं काम भागतं. पण मार्गदर्शक हमखास म्हणतात, 'हा मुद्दा जरा वर घ्या.' त्या एका वाक्यानंतर पुढचे सगळे आकडे आणि सगळे संदर्भ तुम्हाला पुन्हा तपासावे लागतात, आणि त्यातला एखादा सुटतोच. प्रबंधातला चुकीचा संदर्भ म्हणजे वाचकाला दिलेला चुकीचा पत्ता. तेव्हा आकडे मोजायचं काम यंत्राकडेच ठेवा, मुद्दे कोणत्या क्रमाने यावेत ते तुम्ही ठरवा.